वेष पालटणारा जंतू



कामगार-चळवळीतल्या माणसाने रोगजंतूंवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही आले ते वाचनालयातून आणि जाणत्यांना प्रश्न विचारून. पण यंत्रमागाच्या वस्त्यांत तीस वर्षे हिंडताना एक हकीकत वारंवार कानी आली. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो आणि बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, तेही ओसरते. पुढे काही वर्षांनी तेच मूल जिना चढताना धापा टाकू लागते. याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. घसा बरा झाला आणि हृदयाची झडप गेली, हे होते कसे? याचा शोध घेताना मला रेबेका लान्सफील्ड या बाईंची ओळख झाली.

त्यांचा जन्म 1895 सालचा, न्यूयॉर्कचा. 1918 साली त्या तेथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एव्हरी आणि डोशे या शास्त्रज्ञांच्या हाताखाली तंत्रज्ञ म्हणून लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या त्या दिवसांत टेक्सासच्या लष्करी छावण्यांत स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने सैनिक आजारी पडत होते. हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखे दिसतात, आणि सगळे सारखेच दिसतात. शत्रू एक की अनेक, हाच प्रश्न होता. 1919 साली या तिघांनी त्यातले चार प्रकार वेगळे करून दाखवले. निबंधावर हाताखालच्या या तंत्रज्ञ बाईंचेही नाव घातले गेले, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

पुढची सुमारे साठ वर्षे बाईंनी याच एका जंतूला वाहिली. त्यांची रीत वरवर साधी होती. जंतू सौम्य आम्लात उकळायचे, निघालेला अर्क गाळून स्वच्छ करायचा, आणि सशाच्या रक्तातून काढलेल्या निरनिराळ्या रक्तद्रवांशी तो मिळवून पाहायचा. ज्या रक्तद्रवाशी तो गढुळतो त्यावरून प्रकार ओळखायचा. जगभरातून नमुने त्यांच्याकडे येत, आणि त्या एकेकाचा छडा लावीत.

या कामातून 1928 च्या सुमारास त्यांच्या हाती खरे रहस्य आले. जंतूच्या अंगावर एक प्रथिन असते, त्याला त्यांनी ‘एम’ म्हटले. एम नसलेला जंतू माणसाच्या ताज्या रक्तात टाकला, तर पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात. एम असला, तर तोच जंतू त्याच रक्तात खुशाल वाढतो. पुढे त्यांनी पाचकरसाने हा अंगरखा उतरवून पाहिला. जंतू मेला नाही. त्याने नवा अंगरखा विणला!

हा अंगरखा करतो काय, ते नंतरच्या संशोधकांनी उलगडले. आपल्या रक्तात अशी काही प्रथिने असतात की ती आपल्या पेशींना संरक्षण देतात. जणू सांगतात, ‘हा घरचा माणूस, याला हात लावू नका.’ एम प्रथिन त्यांनाच अंगावर ओढून घेते. शिवाय अनेक जंतूंभोवती एक बुळबुळीत वेष्टन असते, आणि ते आपल्या सांध्यांत असणाऱ्या पदार्थाचेच असते. पहारेकऱ्याने ओळखावे तरी कसे?

शरीर अखेर ओळखते. ते एमविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ही प्रतिपिंडे कित्येक वर्षे टिकतात, हे बाईंनीच 1959 साली दाखवले. पण एका कारखान्याचा गेटपास दुसऱ्या कारखान्यात चालत नाही, तशी एका प्रकाराची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारावर सहसा चालत नाहीत. आज दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. कामगारांची देणी बुडवायला पाटी बदलून तेच माग नव्या नावाने सुरू झालेले आपण पाहिले आहेत. हाही तसलाच प्रकार. आणि सगळ्यांत क्रूर गोष्ट अशी की, एमचा काही भाग हृदयाच्या स्नायूतील प्रथिनासारखा असतो. शत्रूसाठी घडवलेले शस्त्र काही मुलांत स्वतःच्या हृदयावरच चालते, असे शास्त्रज्ञ मानतात.

1961 साली लान्सफील्ड अमेरिकेच्या इम्युनॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. 1981 साली त्या वारल्या. पण या जंतूवर लस अजून वापरात आलेली नाही, आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकाराने जगात दर वर्षी तीन लाखांहून अधिक माणसे मरतात. त्यांत आपल्या देशातलीही पुष्कळ आहेत.

मग आपण हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. एवढा बहुरूपी जंतू, पण पेनिसिलीनपुढे आजही नमतो. प्रत्येक घसादुखी या जंतूची नसते. बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे होते. म्हणून डॉक्टरला दाखवले पाहिजे. या जंतूचा घसा असेल, तर नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाल्यास हृदय बहुधा वाचते. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन द्यावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे. पण आईचा दिवसाचा रोज बुडणार असेल, किंवा दवाखान्यात इंजेक्शनच शिल्लक नसेल, तर ते चुकते. आणि एक चुकलेली पाळी महागात पडू शकते.

दुसरी गोष्ट घराची. इंग्लंड-अमेरिकेत हा आजार पेनिसिलीन येण्यापूर्वीच ओसरू लागला होता, आणि दाटीवाटी कमी होऊन राहणीमान सुधारणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे झोपत असतील, तर एकाच्या घशातला जंतू उरलेल्या सातांना गाठणारच. आणि आज एक प्रकार, तर पावसाळ्यात दुसरा. ज्या शरीराला एका वेळी एकच वेष ओळखता येतो, त्याच्यापुढे आपण वेषांची रांग उभी करतो. म्हणून युनियनच्या मागणीपत्रात पगाराखालोखाल मी घर लिहितो, आणि दवाखान्यातले इंजेक्शनही लिहितो. मालक विचारतात, याचा कारखान्याशी काय संबंध? त्यांना माझे हेच उत्तर असते.

एका बाईने आयुष्य वेचून शत्रूचे कपट उघडे केले. त्यापुढचे काम प्रयोगशाळेचे थोडे, आणि आपले पुष्कळ आहे.