न्हाणीचं दार बाहेर उघडू द्या

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? तर न्हाणी नीट करायला. सगळ्या हसल्या. शेळीला कर्ज घेतात, शिलाई मशीनला घेतात, न्हाणीला कोण घेतं? मीही हसले, खोटं कशाला सांगू! त्या म्हणाल्या, "सासूबाई मोरीत घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशनला गेले तेवढ्यात चार न्हाण्या झाल्या असत्या." मग कुणी हसलं नाही.

शहरात आता गुडघे-कंबर शेकणारे आंघोळीचे टब निघालेत. त्यात तथ्य आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचा जवळजवळ निम्मा भार पाणी तोलतं, आणि ऊन पाण्यानं आखडलेलं अंग मोकळं होतं. वज्रेश्वरीच्या, चोपड्याकडच्या उनपदेवच्या गरम कुंडांवर माणसं त्यासाठीच जातात. पण एका टबाला दीडशे लिटर तरी पाणी हवं. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी दिवसाला ५५ लिटरचा. म्हणजे तिघांचं पाणी एका आंघोळीला! चांदवडच्या उन्हाळ्यात हे कुणाला सांगायचं?

आणि कढत पाण्याचा गुण आपल्याला नवा नाही. बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालतो, शेक देतो. ती कामाला लागली की संपलं. पुढं तीच बाई दिवसभर वाकून कांदे लावते, आणि पहाटे अंधारात साडी अंगावर ठेवूनच दोन तांबे ओतून घेते, कारण आडोशाला दार नाही. संडासाला सरकारचे १२,००० रुपये आले, न्हाणी राहूनच गेली.

तर न्हाणी बांधाल तेव्हा गुळगुळीत टाइल नको, खरबरीत फरशी घ्या. बसायला गुडघ्याएवढा ओटा करा. पाटावरून उठताना म्हातारं माणूस तोल जाऊन पडतं. भिंतीत कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप पक्का बसवा. तो टॉवेल वाळत घालायला नाही, धरायला आहे. आणि दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार तिच्याच अंगाला अडतं. गवंडी कुरकुर करील, करू द्या.

न्हाणी होईल तेव्हा होईल. तोवर रात्री घमेल्यात कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटं पाय बुडवून बसा. शुगर असलेल्यांना पायाचा चटका कळत नाही, त्यांनी पाणी आधी दुसऱ्या कुणाला कोपर बुडवून बघायला सांगावं.

त्या ताईंचं कर्ज मंजूर झालं. परवा बघून आले. दार बाहेर उघडतंय, पण कडी लावायची राहिलीय.