लॅपटॉपचे बिनतारी कार्ड कसे निवडावे?



माझा आवाज या घटकेला तुमच्यापर्यंत तारेवाचून पोहोचत आहे. याच बिनतारी विद्येचे एक धाकटे भावंड लॅपटॉपच्या पोटात बसलेले असते. टपालाच्या तिकिटाएवढी एक पट्टी. तिला वायरलेस कार्ड म्हणतात. घरातल्या किंवा शाळेतल्या राउटरशी बोलणे हे तिचे काम. ती बिघडली, म्हणजे बाकी सारा लॅपटॉप धडधाकट असूनही जगाशी त्याचे बोलणे बंद पडते. अशा वेळी नवे कार्ड कसे निवडावे, ते आज पाहू.

एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक माझे जुने स्नेही. एके दिवशी ते शाळेचा लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे आले. लॅपटॉप २०१६ साली घेतलेला. पडदा ठीक, कळफलक ठीक. फक्त वाय-फाय मिळेनासे झालेले. "आता नवाच घ्या," असा सल्ला दुकानात मिळाला होता. शाळेच्या निधीत तेवढे पैसे कुठले? तेव्हा गुरुजींनी पदरमोड करून एक नवे कार्ड मागविले. ते जागेवर नीट बसले, स्क्रूही घट्ट लागला; पण लॅपटॉप त्याची दखलच घेईना. पाकीट फोडलेले, त्यामुळे माल परतही जाईना. गुरुजी मला म्हणाले, "सर, बसतंय पण चालत नाही, हे कसं काय?"

मंडळी, या एका प्रश्नात आजचा सगळा विषय आला. बसणे निराळे आणि जुळणे निराळे.

पहिली गोष्ट जागेची. जुन्या लॅपटॉपमध्ये 'मिनी पीसीआय एक्सप्रेस' नावाची जागा असे. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये 'एम.२' नावाची जागा येऊ लागली. तिच्यातले कार्ड बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते, म्हणून त्याला '२२३०' म्हणतात. या दोन जातींची कार्डे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कार्डाला जोडलेल्या बारीक तारा पडद्याच्या कडेने बसविलेल्या अँटेनांकडे जातात. त्यांची टोकेही या दोन जातींत लहानमोठी असतात. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड मुळातच पाटीवर डाक देऊन पक्के केलेले असते. तिथे बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून आधी झाकण उघडून जुने कार्ड पाहावे, त्यावरचा क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, आणि मगच खरेदीला निघावे.

दुसरी गोष्ट बोलीची, आणि गुरुजी फसले ते इथेच. इंटेल कंपनीच्या एएक्स २०० आणि एएक्स २१० या कार्डांत सगळी यंत्रणा कार्डावरच असते. एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डे दिसायला तशीच, बसायलाही तशीच. पण त्यांचे निम्मे काम लॅपटॉपमधल्या इंटेलच्याच विशिष्ट चिपने करावयाचे असते. या पद्धतीला 'सीएनव्हीआय' म्हणतात. २०१६ च्या लॅपटॉपमध्ये ती सोय नाही; एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्येही नाही. गुरुजींनी आणले होते एएक्स २०१. शेवटच्या एका आकड्याचा फरक, आणि पैसे वाया!

तिसरी गोष्ट परवानगीची. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मंजूर कार्डांची यादीच आत भरलेली असते. यादीबाहेरचे कार्ड दिसले, की लॅपटॉप सुरू होतानाच अडून बसतो. आपल्या मॉडेलला कोणती कार्डे चालतात, हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आता वेगाकडे वळू. वाय-फायच्या पिढ्यांना २०१८ पासून साधे आकडे मिळाले : ४, ५, ६ असे. दोन अँटेनांचे वाय-फाय ५ चे कार्ड साधारणपणे सेकंदाला ८६७ मेगाबिटचा आकडा मिरविते; वाय-फाय ६ चे २४०२ चा. आकडा मोठा दिसला, की हात खिशाकडे जातो. पण विहिरीला पाणी असेल तेवढेच पाटात येणार. नुसता पाट रुंद करून पाणी वाढत नाही. शाळेची जोडणी १०० मेगाबिटची असेल आणि राउटर वाय-फाय ५ चा असेल, तर महागड्या कार्डाने इंटरनेट धावू लागणार नाही. म्हणून कार्ड घेण्याआधी राउटर पाहावा.

राउटर कोणत्या पट्ट्यावर बोलतो, हेही पाहावे. मीडियम वेव्हचे केंद्र दूरवर ऐकू येते, एफ.एम. स्वच्छ लागते, पण त्याचा टप्पा थोडा. इथेही काहीसे तसेच आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचतात, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक, पण एकदोन जाड भिंती आड आल्या की जोर ओसरतो. राउटर कार्यालयात आणि वर्ग व्हरांड्याच्या टोकाला, अशी शाळेची मांडणी असेल, तर दोन्ही पट्टे समजणारे कार्ड घ्यावे.

एक सूचना फार महत्त्वाची. कार्ड बदलण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालविणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. नाही तर इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट, अशी पंचाईत होते. एएक्स २१० ला ६४ बिटी विंडोज लागते. लिनक्स असेल, तर केर्नल ५.१० किंवा त्यापुढची हवी. उघडताना चार्जर काढावा, बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि अँटेनांची टोके ओढून न काढता सरळ वर उचलावीत.

आणि हे सारे करण्याआधी कार्ड खरोखरच बिघडले आहे का, हे पाहावे. कधी एअरप्लेन मोड चुकून चालू राहिलेला असतो; कधी अँटेनेची तारच निसटलेली असते.

उघडण्याचे धाडस नसेल, तर यूएसबीला लावावयाचे छोटे अडॅप्टर घ्यावे. ते बाहेर डोकावते, धक्का लागून मोडण्याची भीती असते, हे खरे. पण जागा, बोली आणि परवानगी या तिन्ही कटकटी त्यात नाहीत. ड्रायव्हर तेवढा त्यालाही पाहावा.

आमच्या गुरुजींच्या लॅपटॉपला शेवटी एएक्स २०० बसविले. पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली, तेव्हा गुरुजी काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पैसे गेले त्याचं एवढं नाही हो. पण चांगला लॅपटॉप मी अडगळीत टाकायला निघालो होतो."

श्रोतेहो, आपल्या शाळांच्या कपाटांतून असे किती लॅपटॉप एका पट्टीपायी पडून असतील! अडगळीत टाकण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. जुन्या कार्डाचा क्रमांक, लॅपटॉपचे मॉडेल आणि राउटरची पिढी, एवढ्या तीन नोंदी कागदावर करा. तो कागद खिशात असेल, तर दुकानात फसण्याचे कारण नाही.