विजेच्या सायकलीचे चाक



आज आपण विजेवर चालणाऱ्या सायकलीविषयी बोलू. आपल्यापैकी कोणी या सायकलीवर दूध घालतात. कोणी वर्तमानपत्रे टाकतात. कोणी कामावर जातात. सायकल बंद पडली की त्या दिवसाची कमाई बुडते. दुरुस्त करणारा जवळ असतोच असे नाही. म्हणून तिच्या चाकात काय आहे, ते आपणच समजून घ्यावे. त्यात काय उघडावे आणि काय उघडू नये, हेही कळले पाहिजे.

चाकात मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८९५ साली अशा सायकलीचे पेटंट घेतले. त्याची मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी होती.

बैलगाडी आपण पाहिली आहे. तिचा आंस फिरत नाही. तो जागच्या जागी राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. इथेही तसेच आहे. चाकाच्या तुंब्यात मोटर असते. सायकलवाले तुंब्याला हब म्हणतात. मधल्या आंसावर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांच्याभोवती लोहचुंबकांचे कडे असते. वेटोळ्यांतून पाळीपाळीने वीज गेली की कडे फिरू लागते.

या मोटरीच्या दोन जाती आहेत. एकीत चुंबकांचे कडे थेट चाकालाच जोडलेले असते. ही मोटर थाळीसारखी रुंद आणि जड असते. दुसरीत मोटर लहान असते आणि आत भराभर फिरते. तीन दातेरी चाके तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. ती बहुधा नायलॉनची असतात. झिजतात ती हीच. आपली मोटर कोणती? चाक उचलून हाताने फिरवा. पुढे सहज फिरले आणि मागे जड लागले, तर आत दातेरी चाके आहेत असे समजावे.

आता दुरुस्तीकडे वळू. सायकल बंद पडली म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका. पुष्कळदा दोष मोटरीच्या बाहेरच असतो. बॅटरी भरलेली आहे का? तारांचे जोड सैल झाले आहेत का? ब्रेकच्या दांडीत वीज तोडणारे बटण असते. ते अडकून बसले, तरी मोटर चालत नाही.

मोटर गुरगुरते, पण चाक फिरत नाही. मग आतले दाते झिजले असतील किंवा क्लच घसरत असेल. चाकातून खरखर आवाज येतो. मग बेअरिंग पाहावे. चाक थरथरते, पण धड पुढे जात नाही. मग आतील बारीक तारांत किंवा सेन्सरमध्ये दोष असू शकतो.

आणखी एक परीक्षा आहे. बॅटरी काढून चाक हाताने मागे फिरवा. ते जोराने झटके देत फिरले, तर मोटरीच्या तारेचा जोड सोडा आणि पुन्हा फिरवा. झटके गेले, तर दोष कंट्रोलरमध्ये आहे. झटके राहिले, तर मोटरीत किंवा तिच्या तारेत आहे. तार आंसातून बाहेर येते तिथे ती कापली गेली आहे का, ते आधी बघा.

उघडायचीच असेल, तर क्रमाने काम करा. वॉरंटी शिल्लक असेल तर विक्रेत्याकडेच जा. नसेल तर प्रथम बॅटरी काढून दूर ठेवा. नंतर चालू करण्याचे बटण एकदा दाबा, म्हणजे कंट्रोलरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. चाक काढताना कोणता वायसर कोणत्या बाजूला होता, त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. झाकण आणि हब यांवर मिळून एक खूण करा. खाली स्वच्छ कापड अंथरा. लोखंडाचा कीस जवळ नको, कारण चुंबक तो ओढून घेतो.

दातेरी चाकांची मोटर घरी उघडता येते. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल करा. जुने ग्रीस कापडाने पुसा. दाते मोजून पाहा. तुटका दाता असेल, तर तिन्ही चाके बदला. नायलॉनला चालणारे ग्रीस दातांवर पातळ लावा. तारेच्या वेटोळ्यांना ग्रीस लावू नका. पाणी शिरले असेल, तर मोटर पुरी वाळल्यावरच झाकण लावा.

रुंद, जड मोटर मात्र घरी उघडू नये. तिचे चुंबक फार जोरदार असतात. झाकण अचानक आत ओढले जाते आणि बोटे चेंगरतात. तिला पुलर नावाचे हत्यार लागते. ज्यांच्या हृदयाजवळ पेसमेकर बसवला आहे, त्यांनी अशा उघड्या मोटरीपासून दूरच राहावे. आणि बॅटरी? ती कोणीही घरी उघडू नये. तिने पेट घेतला, तर आग लवकर आटोक्यात येत नाही.

आता चाक परत बसवायचे. इथे सर्वांत जास्त काळजी घ्या. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा आंसाला मागे पिळते. म्हणून आंसाच्या दोन्ही बाजू चपट्या असतात आणि त्या खाचेत घट्ट बसाव्या लागतात. अडकवण्याचा वायसर विसरला किंवा नट सैल राहिला, तर आंस खाचेत फिरतो. तार पिळून तुटते. पुढचे चाक असेल, तर ते निसटून माणूस तोंडावर पडतो. नट पक्के करा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

पावसाळ्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. मोटरीची तार चाकाकडे जाताना तिला खाली झोल द्या. पाणी त्या झोलावरून खाली ठिबकते, आंसात शिरत नाही. धुताना हबवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका.

मंडळी, आज घरी गेल्यावर एवढे करा. आंसाचे नट, वायसर आणि तार नीट पाहा. याला पैसा लागत नाही. पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत आपली कमाईही वाचेल आणि आपला जीवही.