त्रिमितीची पहिली पायरी

काशीस पेशव्यांच्या काळी बांधलेला बालाजी घाट आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहणाऱ्यास जवळची पायरी उंच दिसते, दूरची बारीक दिसते. तरीही चढताना कोणाचे पाऊल चुकत नाही; डोळ्याला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. परंतु हाच घाट संगणकाच्या पडद्यावर उभा करू म्हणणारा नवशिका पहिल्याच दिवशी अडखळतो. यंत्राला डोळा नाही. डोळा जे न सांगता जाणतो, ते सारे यंत्राला अंकांत सांगावे लागते.

आरंभ सोपा वाटतो. घाटाच्या प्रत्येक कोपऱ्यास तीन अंक द्यावयाचे: आडवा, उभा आणि समोरच्या अंतराचा. पहिल्या दोहोंना तिसऱ्याने भागले, की पडद्यावरील जागा मिळते. म्हणूनच दहा हातांवरील पायरीच्या निम्मीच वीस हातांवरील पायरी दिसते.

पुढे क्रमाचा प्रश्न येतो. होडी जागच्या जागी वळवून मग पुढे नेली, तर ती एका ठिकाणी पोचते. आधी पुढे नेऊन मग घाटावरच्या खुंटाभोवती फिरविली, तर भलत्याच. गणितातही तसेच आहे. शिवाय पुढचा बुरूज मागच्या पायऱ्या झाकतो, हेही यंत्रास उमगत नाही. त्यासाठी प्रत्येक ठिपक्यापाशी आजवर आलेले सर्वांत जवळचे अंतर टिपून ठेवण्याची युक्ती एडविन कॅटमल यांनी १९७४ सालच्या आपल्या प्रबंधात मांडली.

तथापि खरी अडचण गणिताची नव्हे. इतर आज्ञावलीत चूक झाली, तर बहुधा चुकीचे उत्तर येते आणि त्या उत्तरावरून चूक सापडते. येथे पुष्कळदा उत्तरच येत नाही. पाहणारा पाठमोरा उभा केला असेल, दिवा लावावयाचा राहिला असेल, त्रिकोणाचे कोपरे उलट क्रमाने दिले असतील. कारणे अनेक, फळ मात्र एकच: काळा पडदा. तो पाहून शिकणारा आपल्या बुद्धीलाच दोष देतो आणि विद्या सोडतो. वास्तविक त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याने चार नव्या गोष्टी एकाच वेळी हाती घेतलेल्या असतात.

याच घाटावरील बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाझ करीत. रियाझ म्हणजे एकेक सूर साधणे. येथेही प्रथम एकच त्रिकोण काढावा. दिवा नको, फिरविणे नको. एका कोपऱ्याचे गणित कागदावर करून ते पडद्याशी ताडून पाहावे. मग रंग, मग हालचाल, मग प्रकाश, असे एकेक वाढवीत जावे. पुन्हा काळोख झाला, तर शेवटी जे घातले तेथेच शोध सुरू करावा. घाट उंच असला, तरी एका वेळी पायरी एकच चढावयाची असते.