पटकीच्या जंतूची ओळख

पटकीचा रोगी ओळखणे फारसे अवघड नाही. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, पाठोपाठ उलट्या, काही तासांत खोल गेलेले डोळे, बसलेला आवाज, पोटऱ्यांत येणारे गोळे आणि चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहणारी कातडी, ही लक्षणे एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. ज्या काळी महाराष्ट्रातील गावे मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन पोचवीत, त्या काळीही गावच्या म्हाताऱ्या बायांना हे निदान करता येत असे. परंतु पटकीचा रोगी ओळखणे आणि पटकीचा जंतू ओळखणे या दोन भिन्न गोष्टी होत. सोमल पोटात गेलेल्या माणसालाही असेच जुलाब आणि अशाच उलट्या होतात. म्हणूनच न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत पटकी आणि सोमलाचा विषप्रयोग यांतील भेद आवर्जून सांगितलेला असतो. आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे नांदणाऱ्या कोलाय जंतूंच्या काही जातीही पटकीचे हुबेहूब सोंग आणतात. शरीरातील पाणी झपाट्याने चालले आहे, एवढेच लक्षणे सांगतात. ते कोणी नेले, हे त्यांना सांगता येत नाही.

फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनीने १८५४ साली पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत असंख्य सूक्ष्मजीव पाहिले आणि रोगाचे मूळ तेच, असे लिहूनही ठेवले. जगाने तिकडे लक्ष दिले नाही. याबद्दल जगाला दोष देण्याची प्रथा आहे. पण तो दोष सर्वस्वी न्याय्य नव्हे. आतड्यात जंतू असतातच. बाजारात चोरी झाली तेव्हा शंभर माणसे हजर होती, एवढ्यावरून त्यांतला एक धरून त्याला चोर कसे म्हणावे?

या प्रश्नाला हात घातला तो रॉबर्ट कॉखने. १८८३ च्या ऑगस्टमध्ये तो अलेक्झांड्रियाला पोचला, तेव्हा तेथील साथ ओसरू लागली होती. त्याच कामावर आलेल्या फ्रेंच पथकातील तरुण शास्त्रज्ञ लुई त्युइए पटकीनेच मरण पावला. कॉख तेथून डिसेंबरमध्ये कलकत्त्यास आला. त्याच्यापाशी पाचिनीजवळ नसलेले एक साधन होते. जिलेटिनच्या घट्ट थरावर नमुना पसरला की एकेका जंतूची निराळी वसाहत वाढते, आणि गर्दीतला एक जण बाजूला काढून त्याची एकट्याची तपासणी करता येते. स्वल्पविरामासारखा वाकडा असा एक जंतू पटकीच्या रोग्यांत त्याला पुन्हा पुन्हा सापडला, इतर रोगांनी मेलेल्यांत सापडला नाही, आणि ज्या तळ्याचे पाणी वस्तीतले लोक वापरत होते त्या तळ्यातही सापडला.

तरीही खटला संपला नाही. हा जंतू प्राण्यांना देऊन पटकी उत्पन्न करणे कॉखला साधले नाही. फिंकलर आणि प्रायर यांनी तसाच वाकडा दिसणारा दुसरा जंतू पुढे आणला. १८९२ साली म्युनिकच्या वृद्ध पेटेनकोफरने पटकीच्या जंतूंनी भरलेले पाणी स्वतः पिऊन दाखविले, आणि थोड्याशा जुलाबावर तो बचावला. त्याचे धैर्य अलौकिक खरे. पण पुरावा म्हणून ते कुचकामी होते, कारण जंतू पोटात गेलेल्या प्रत्येकालाच पटकी होते असे नाही.

नुसत्या रूपावरून ओळख पटत नाही, असे ठरल्यावर दुसरी खूण शोधणे प्राप्त झाले. १८९६ साली ग्रूबर आणि डरहॅम यांनी दाखविले की, विशिष्ट जंतू टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसाचा थेंब त्याच जातीच्या जंतूंत मिसळला तर ते एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. परजातीचे जंतू मात्र मोकळेच राहतात. ही खूण इतकी सोयीची ठरली की पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे पटकीच्या निदानाचा अंतिम शब्द तिचाच होता. ज्याच्या गुठळ्या होतात तो पटकीचा जंतू, आणि ज्याच्या होत नाहीत तो कोणी किरकोळ भाऊबंद, अशी सरळ वाटणी झाली.

दरम्यान, जंतू नेमका करतो काय, या प्रश्नाचा निकाल आपल्याच देशात लागला. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले, तेव्हा ती पिशवी पाण्याने फुगली. हे १९५३ सालचे. १९५९ साली त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सोडला, तरीही ती फुगलीच. याचा अर्थ, जंतू एक विष निर्माण करतो आणि ते आतड्याच्या आतल्या बाजूनेच काम करते. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. दत्ता आणि त्यांचे सहकारी पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीच्या विषाचे कार्य दाखविले. जे कॉखला साधले नव्हते ते पंचाहत्तर वर्षांनी असे साधले. या कामाचा गौरव मात्र दे यांच्या वाट्याला हयातीत फारच थोडा आला.

प्रयोगशाळेतील पद्धत आजही पायरीपायरीनेच चालते. रोग्याच्या शौचाचा नमुना वाटेत सुकता कामा नये. म्हणून तो क्षारयुक्त द्रवात घालून पाठवितात. यासाठी वेंकटरामन आणि रामकृष्णन यांनी १९४१ साली समुद्रमिठाचा उपयोग सुचविला होता, आणि खाऱ्या पाण्यात रमणाऱ्या या जंतूला तो मानवला. नमुना आला की तो अल्कधर्मी पेप्टोनच्या पाण्यात घालतात. आम्लात हा जंतू तग धरत नाही. उलट अल्कात इतर जंतू मागे पडतात आणि हा भरभर वाढून सहा ते आठ तासांत पृष्ठभागाशी गोळा होतो. तेथून तारेच्या कडीने थेंब उचलून हिरव्या रंगाच्या एका खास थरावर पसरला की, रात्रभरात त्यावर पिवळ्या वसाहती उमटतात. वसाहतीचा कण पित्तक्षाराच्या द्रावणात घोळून कडी वर उचलली तर पाकाच्या तारेसारखी लांब तार निघते. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत जंतू चिलटांच्या थव्यासारखे सैरावैरा धावताना दिसतात; त्यांत योग्य रक्तरस पडताच ती धावपळ एकाएकी थांबते. हे सारे होण्यास सुमारे दोन दिवस लागतात.

१९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये हीच परीक्षा चालली असता एक विलक्षण गोष्ट घडली. रोग्यांना पटकी होती, यात कोणा डॉक्टरला शंका नव्हती. वसाहती पिवळ्या होत्या, तार निघत होती. पण रक्तरसाने गुठळ्या होईनात. जुन्या नियमाप्रमाणे हा किरकोळ भाऊबंद ठरत होता, आणि किरकोळ भाऊबंद शहरभर साथ पसरवीत होता! ज्ञात असलेल्या १३८ रक्तरस-गटांपैकी एकातही तो बसेना, म्हणून त्याला ओ १३९ असा नवा क्रमांक मिळाला. १९९३ मध्ये तो बंगाल आणि बांगलादेशात पसरला, पुढे ओसरला. जंतूने वरचे आवरण बदलले होते; आतले विष तेच होते. रक्तरस आवरणाविषयीच विचारतो आणि त्याच प्रश्नाचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले होते. विष बनविणारे जनुक आहे की नाही, हे आता थेट तपासता येते. हे जनुक जंतूला एका विषाणूकडून मिळते, असे १९९६ साली आढळले; तेव्हा आज निरुपद्रवी असलेला भाऊबंद उद्या घातक होणे अशक्य नाही.

रोग्याला मात्र या सगळ्याची वाट पाहावी लागत नाही, आणि पाहू देताही कामा नये. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्या आत आणले. तेथे कोणाच्या जंतूची वसाहत वाढण्याची वाट पाहिली गेली नाही. जंतूची ओळख लागते ती गावाला. पहिल्या काही रोग्यांत ती पक्की झाली की नळ, विहिरी आणि गटारे यांकडे यंत्रणा वळते. नंतरच्या रोग्यांना लक्षणांवरूनही ओळखले तरी चालते.

म्हणूनच पहिल्या नमुन्यांची किंमत मोठी असते. पुष्कळदा रोगी दवाखान्यात येण्यापूर्वीच प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन आलेला असतो, किंवा कापसाच्या बोळ्याची काडी कोरड्या नळीत घालून दुपारभर उन्हात ठेवलेली असते. मग ‘पटकीचा जंतू आढळला नाही’ असा अहवाल येतो, आणि गावात पटकी नाही असा त्याचा अर्थ लावून पाणीपुरवठा तसाच चालू राहतो. नमुन्यासोबतच्या कागदावर औषध कधी घेतले, नमुना किती वाजता घेतला आणि घरात पिण्याचे पाणी कोठून येते, या तीन नोंदी असतील, तर तपासणाऱ्याला तो अहवाल लिहिण्यापूर्वी दुसरा नमुना मागविता येतो.