नळ गोठलाय? आधी तोटी उघडा!

कॅनडात किंवा मिनेसोटात पहिला हिवाळा काढताय? मग आजचा भाग तुमच्यासाठी. सकाळी तोटी फिरवली आणि थेंबही नाही, म्हणजे पाइप गोठलाय.

मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी बघून ठेवा. मग तोटी उघडीच ठेवा. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि त्या दाबाने पाइप फुटतो.

आता हेअर ड्रायर. तोटीकडून सुरुवात करा, हळूहळू गोठलेल्या भागाकडे सरका. वितळलेलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. पण खाली पाणी साचलं असेल तर ड्रायर लावूच नका, शॉक बसेल.

कोणी म्हणेल, वेल्डिंग मशीन जोडून पाइपमधून करंट सोडू. धातूचा पाइप त्याने तापतो, खरंय. पण करंट अर्थिंगच्या वायरमध्ये, अगदी शेजाऱ्याच्या घरातही शिरू शकतो आणि भिंतीआड आग लागू शकते. प्लास्टिकच्या पाइपवर तर त्याचा उपयोगच नाही.

तासभर लागला तरी चालेल, घाई नको. नाहीच जमलं तर सरळ प्लंबरला बोलवा. भेटू पुढच्या भागात!