कोपरची खडी आणि घरचा ओटा

आज कोड नाही, दगड.

कोपर स्टेशनवर रुळांतली खडी जवळून बघा. काळपट, दाणा डोळ्यांना दिसतच नाही. हा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वर आला, थरांवर थर पसरले. उघड्यावर भराभर थिजला, म्हणून स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. तोच रस जमिनीखाली खोल, सावकाश निवला असता तर दाणेदार गॅब्रो झाला असता.

म्हणजे मुख्य प्रश्न दोनच: कुठे निवला, आणि सिलिका किती? बेसॉल्टमध्ये ४५ ते ५२ टक्के, ग्रॅनाइटमध्ये ७० च्या आसपास. सिलिका वाढली की रंग सहसा फिका होतो.

आता सांगा, ओट्याचा ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ काळाकुट्ट कसा? कारण तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. दुकानदाराशी भांडू नका, धंद्यातलं नाव आहे ते.

दिव्यापुढे मुंब्र्याला दिसतो तो पारसिकचा डोंगरही बेसॉल्टचाच. या डोंगररांगेत खडीसाठी वर्षानुवर्षं खाणी चालल्या. आपल्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये असेच डोंगर गेलेत, आणि इथे नवा लाव्हा काही येत नाहीये.

पुढच्या भागात अंधेरीची गिल्बर्ट हिल: तिथे बेसॉल्टचे उभे खांब कसे झाले, ते बघू.